मास्तर लेकीशी बोलले

आमच्या गल्लीतल्या ड्रायव्हिंग मास्तरांचं तोंड दिवसभर बंद नसे. "क्लच सावकाश सोडा, ताई. गाडी आहे ती, बेडूक नव्हे." शिकाऊ माणूस थेट खांबाकडे निघाला, की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत म्हणत, "खांब गरीब आहे हो, जाऊ द्या त्याला." पण घरी तेरा वर्षांच्या लेकीपुढे याच माणसाची बोबडी वळे.

लेकीला सगळे चिमणी म्हणत. आई लहानपणीच गेलेली. पोरीला पाण्याचं वेड. शाळा सुटली की तरणतलाव. आणि एके दिवशी तिने पोहण्याची पिशवी खुंटीला टांगली ती टांगलीच.

"का गं?"

"उगाच." दार बंद.

मास्तरांनी बहिणीला गाठलं. आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "पाळी आलीय तिला. जपून राहा म्हणून सांगितलंय मी. तू यात पडू नकोस."

"जपून म्हणजे कशापासून?"

"जपून म्हणजे जपून!" म्हणत आत्या स्वयंपाकघरात निघून गेली. मास्तरांना स्वतःचं आठवलं. आवाज फुटला तेव्हा घशाला रोग झाला असं समजून ते महिनाभर गरम पाणी पीत होते. कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मास्तर त्यांच्या दवाखान्यात गेले, लाज गिळली आणि सगळं विचारून घेतलं. "समोर बसवून भाषण देऊ नका," बाई म्हणाल्या. "काहीतरी करता करता बोला."

रविवारी मास्तरांनी चिमणीला गाडीत शेजारी बसवलं. नजर रस्त्यावर ठेवून म्हणाले, "आत्याने सांगितलं मला. तुझ्या पाळीचं."

"बाबा! नको ना!"

ऐन चौकात मास्तरांच्या हातून गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. चिमणी खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण खांदे हलायला लागले. मग तिला हसू आवरेना. "क्लच सावकाश, मास्तर!"

तिथून वाट मोकळी झाली. पाळी का येते, दुखलं तर काय करायचं, मास्तर अडखळत का होईना, पण सांगत गेले. ती म्हणाली, "अंगच बदललंय माझं. पोहायच्या कपड्यात सगळे बघतात असं वाटतं."

"बदलणारच. सगळ्यांचं बदलतं, कुणाचं आधी, कुणाचं नंतर. त्यात लाजायचं काही नाही. आणि अंग तुझं आहे. कोणी नको तसं वागलं, तर सरळ मला येऊन सांग. मी तुला रागावणार नाही."

"मुलांचंही काही होतं?"

मास्तरांनी गरम पाण्याची गोष्ट सांगितली. पोरगी हसून लोटपोट झाली. पाळीत पोहायचं कसं, हे मात्र त्यांना नीट सांगता येईना. "ते डॉक्टरीणबाईंना विचार. हवं तर मी बाहेर बसतो."

डॉक्टरीणबाईंना भेटून आल्यावर चिमणी पुन्हा पाण्यात उतरली. शाळांच्या स्पर्धेत चौघींच्या संघाची, एकीमागून एक पोहायची रिले शर्यत होती, आणि ऐन वेळी त्यांच्यातली एक, पोहायच्या कपड्यात सगळे बघतील म्हणून, कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून रडत बसली. तिची आई बाहेरून दार वाजवत होती, "अगं, काही नाही होत!" चिमणी दाराशी टेकून बसली. हळूहळू बोलत राहिली. कडी निघाली. दोघी हात धरून बाहेर आल्या.

"काय सांगितलंस गं तिला?" त्या आईने विचारलं.

"बाबांनी मला सांगितलं तेच."

शेजारी उभ्या आत्याने भावाकडे पाहिलं. "मलाही हे कोणी सांगितलं असतं तर," ती म्हणाली.

शिटी वाजली. शेवटच्या फेरीला चिमणीने उडी मारली तेव्हा त्या चौघी तिसऱ्या होत्या. अर्ध्यात दुसऱ्या. मास्तर कठड्यावर वाकून जीव खाऊन ओरडत होते, आत्या त्यांच्याहून मोठ्याने. चिमणीचा हात भिंतीला सगळ्यांच्या आधी लागला. तिने पाण्यातून डोकं वर काढलं, फलकाकडे पाहिलं आणि दोन्ही मुठी उंचावून अशी काही आरोळी ठोकली की अख्खा तलाव दणाणला.