सोललेला चेंडू

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नंतर आली. त्याआधी पलंगाखाली बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे होते. पाण्यासाठी, बससाठी, झाडांसाठी. त्यामुळे कुठे अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो आणि 'बंधूंनो आणि भगिनींनो' ही ओळ उमटून मोकळी होते. गेल्या वर्षी मी एका चेंडूसाठी पत्रक काढलं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. मी लिहिताना अजिबात हसले नव्हते.

चेंडू माझ्या मामाचा होता. मामा कळंबला राहतो आणि जाळी विणतो, दुरुस्त करतो. होळीच्या आधीच्या रविवारी किनाऱ्यावर वरची आळी आणि खालची आळी यांची मॅच असते. ओहोटी लागली की सुरू होते आणि भरतीचं पाणी स्टंपांपर्यंत यायच्या आत संपवावी लागते. या मॅचचा चेंडू दरवर्षी मामा हाताने बनवतो. चेंडूच्या कामाला लागला की मामा वेगळाच माणूस होतो. एरवी जेवायला चारदा हाका माराव्या लागतात. तेव्हा जेवण पुढ्यात ठेवलं तरी दिसत नाही.

जुन्या जाळ्यांना तरंगण्यासाठी बुचाचे तुकडे लावत. आता प्लास्टिकचे गोळे असतात, पण मामाच्या पडवीत बुचाची एक माळ अजून टांगलेली आहे. त्यातला एक तुकडा काढून तो सुरीने गोल करतो आणि पायरीच्या दगडावर घासतो. मग त्यावर ओला सुती दोरा गुंडाळायचा. दोरा वाळताना आवळत जातो. तो वाळला की लाकडी ठोकळ्याने चारी बाजूंनी ठोकायचं, पुन्हा ओला दोरा, पुन्हा ठोकणं. मध्येच मामा स्वयंपाकघरात जाऊन चेंडू लादीवर टाकतो आणि डोळे मिटून आवाज ऐकतो. ठप्प वाजला तर अजून दोरा हवा, टक्क वाजला तर झालं. मामी म्हणते, या घरात नवऱ्याने तिचं बोलणं एवढं कान देऊन कधी ऐकलं नाही.

वरचं चामडं नालासोपाऱ्याच्या एका चप्पल शिवणाऱ्याकडून येतं. ते भिजवून नारळाच्या करवंटीत दाबून बसवतात आणि सावलीत वाळवतात. अशा दोन वाट्या झाल्या की त्या दोऱ्याच्या गोळ्यावर दोन्हीकडून बसवून शिवायच्या. एकाच भोकातून दोन सुया, एक इकडून, एक तिकडून. त्या वेळी मामाची बोटं बघत बसावं आणि दुसरं काही करू नये. मी एकदा दोरा गुंडाळायला घेतला तर बटाटा तयार झाला. मामाने तो सोडवला आणि म्हणाला, "बाय, तू पानी शिंपड."

शेवटी चेंडूला तेल. पूर्वी लाकडी होड्यांना माशाचं तेल चोळायचे, त्याचा एक डबा मामाकडे उरला आहे. त्यामुळे चेंडू खाऱ्या पाण्यात टिकतो आणि त्याला असा वास येतो की कळंबची सगळी मांजरं मॅच बघायला येतात.

या वासावरूनच पेटलं. मामाचा मुलगा, म्हणजे माझा दादा, सातिवलीला खेळाच्या सामानाच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. तिथे खोक्यांत एकसारखे लालभडक चेंडू रचलेले असतात, आणि दादा खालच्या आळीचा कॅप्टन. त्याने दोन्ही आळ्यांच्या बैठकीत मागणी केली की आता दुकानचा चेंडू आणायचा. मामाचा चेंडू कधी डावीकडे उसळतो, कधी उसळतच नाही, आणि मॅचनंतर दोन दिवस गोडाऊनमध्ये कोणी शेजारी बसत नाही. बरीच चर्चा झाली. ठरलं असं, की या वर्षी शेवटची संधी. मामाचा चेंडू शेवटचा बॉल पडेपर्यंत टिकला तर पुढेही तोच. मध्ये फुटला तर पुढच्या वर्षीपासून दुकानचा. मामा बैठकीतून उठला. घरी येऊन त्याने बुचाची माळ खाली काढली आणि कुठला तुकडा घ्यावा हे त्याला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

मला एवढं पुरे होतं. मी रात्रीत पत्रक लिहिलं. त्यात भांडवलशाही होती, हाताच्या कसबाचा अपमान होता, किनाऱ्यावरचं आक्रमण होतं. दुसऱ्या दिवशी पडवीत वाचून दाखवलं. मामी कोळंबी सोलत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन चेंडूला कोन छळतंय एवढं?"

दादाने ते पत्रक गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'घरातली शत्रू'. त्यामुळे ते सगळ्यांनी वाचलं, जे मला एकटीला कधीच जमलं नसतं. त्याचा आणखी एक परिणाम झाला. मला पंच नेमलं. वरच्या आळीला वाटलं, ही तर दादाच्या विरोधातली आहे. खालच्या आळीला वाटलं, काही झालं तरी आपल्या घरची आहे.

मॅच फार सुंदर झाली. वाळू ओली, घट्ट, वर ऊन. चेंडू सीमेपलीकडे गेला की पोरांच्या आधी मांजरं पोचायची. त्यात एक पिवळा बोका होता, मामीच्या कोळंबीच्या टोपलीवर वाढलेला. तो प्रत्येक ओव्हरला लॉंग ऑनवरून थोडा पुढे सरकायचा. मामा स्टंपांपासून लांब बसला होता. चेंडू बॅटवर आपटला की तो डोळे मिटायचा, लादीवरचा आवाज ऐकताना मिटायचा तसेच. टक्क. पुन्हा टक्क. मी पंच होते, तोंडावर काही दाखवायचं नव्हतं, पण आतून मी नाचत होते.

शेवटच्या ओव्हरचा शेवटचा बॉल उरला. खालच्या आळीला जिंकायला पाच धावा हव्या होत्या आणि समोर दादा. भरतीचं पाणी जवळ आलं होतं. गोलंदाज धावत आला, दादाने बॅट फिरवली आणि कापड फाटल्यासारखा आवाज आला.

चेंडूतून दोन वस्तू निघाल्या. चामड्याच्या दोन्ही वाट्या एका कडेला शिवलेल्या राहिल्या होत्या. त्या पंख फडफडवत पॉइंटकडे गेल्या आणि तिथल्या वरच्या आळीच्या गड्याने त्या झेलल्या. आतला दोऱ्याचा गोळा मागे लांब शेपूट सोडत समुद्राकडे गेला आणि थेट पाण्यात पडला. थेट पाण्यात म्हणजे आमच्याकडे सिक्स.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा बघत नव्हता. तो गोळ्यामागे पाण्यात शिरला होता.

दादा आधी बॅट उंचावून नाचला. फुटला, मी सांगत होतो ना, असं सगळ्यांना सांगत सुटला. मग त्याच्याच टीममधल्या कोणीतरी विचारलं की सिक्सचं काय. दादा म्हणाला, सिक्स तर आहेच.

तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत आवडतं वाक्य बोलले. "दादा, दोन्ही नाही मिळणार."

"म्हणजे?"

"फुटला म्हणत असशील तर हा बॉल बाद, धावा नाहीत, तुम्ही हरलात. सिक्स हवा असेल तर पाण्यात पडला तो चेंडूच होता, आणि तो शेवटच्या बॉलपर्यंत टिकला. एक काय ते सांग."

"पत्रकातलं बोलू नको तू."

मी म्हटलं, पत्रकात हे सुचलं असतं तर आणखी काय हवं होतं. खालची आळी दादाभोवती जमली. प्रत्येकाला कप हवा होता. दादाने कपाकडे पाहिलं, मग पाण्यात वाकून काहीतरी शोधणाऱ्या आपल्या बापाकडे पाहिलं. मामी कप मांडीवर घेऊन बसली होती, तिथूनच म्हणाली, "कोळंबी सोलली म्हनून तिचा काय बोंबील होतो?"

"चेंडू होता," दादा म्हणाला.

"मोठ्याने," मी म्हटलं.

"साल गेली, पण चेंडू होता. बस?"

आता न्यायाने दुसरी बाजूही ऐकायला हवी होती. पॉइंटच्या गड्याने विचारलं, मग त्याने काय झेललं? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, दाखव. त्याने हात पुढे केले तर हात रिकामे. वाद घालायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने चामडं वाळूवर ठेवलं होतं, आणि बोका ते तोंडात धरून होड्यांकडे निघाला होता. अख्खी वरची आळी बोक्यामागे धावली. बोका उलट्या ठेवलेल्या होडीखाली गेला आणि तिथून गुरगुरायला लागला.

मी हात वर केले. सिक्स. पंचाचा निर्णय होईपर्यंत झेल हातात पाहिजे, बोक्याच्या तोंडात चालत नाही. या निकालावरून वरची आळी अजून मला चहा पाजत नाही. पण मी तेव्हा पक्षपात केला नाही, आणि कोणाला वाटत असेल तर त्याने माझ्याविरुद्ध पत्रक काढावं. मी स्वतः छापून देईन.

मामा गुडघाभर पाण्यातून गोळा घेऊन आला. त्याने तो पिळला, कानाला लावला आणि अंगठ्याने चाचपला. वरचे काही फेरे सुटले होते, आत सगळं घट्ट होतं. चामडं पातळ मिळालं यंदा, एवढंच म्हणाला. मग दोऱ्याचं मोकळं टोक दादाच्या हातात दिलं. "धर. वाळवायला लागंल."

दादाच्या एका काखेत कप होता. त्याने टोक धरलं. मामा गोळा सोडवत सोडवत किनारा चढू लागला. दोरा वाळूवरून लांबत गेला, पाणी स्टंपांना लागलं, मांजरं दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागली, आणि दादा ओरडून विचारत होता की अजून किती वेळ धरायचं, हाताला वास लागतोय.

सोमवारी दुपारी त्याने स्वतःच गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला. सातिवलीचं गोडाऊन, मागे लाल चेंडूंची खोकी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.