हट्टानं भरलेला दंड

मधू गेल्याचं मला गौरीच्या फोनवरून कळलं. गौरी म्हणजे त्याची मुलगी. "काका, बाबा गेले," ती म्हणाली, "दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." मी मूर्खासारखं विचारलं, "सायकलवरून पडला का गं?" ती रडतारडता म्हणाली, "नाही हो, कॉटवर झोपलेले होते." मधुकर खांबेटे हा माणूस सायकल सोडून दुसऱ्या कुठल्या वाटेनं जाऊ शकेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आमची साठ वर्षांहून जास्त दोस्ती, आणि या सगळ्या वर्षांत मी त्याला सायकलशिवाय पाहिलं असेल ते फक्त लग्नाच्या बोहल्यावर. तिथंही वरातीला घोडा नको, सायकल चालेल, असं त्यानं सुचवून पाहिलं होतं. सासऱ्यांना ते चाललं नाही.

काही दिवसांनी त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. आमच्या सकाळच्या चहाच्या कट्ट्यावरचा एक जण बोलायला उठला आणि म्हणाला, "मधू म्हणजे वल्ली! सिग्नल तोडला, तर दंड भरायला लागू नये म्हणून भर चौकात सायकल उलटी करून पोलिसाशी तासभर भांडला होता." सगळे हसले. गौरीही हसली, पण फरशीकडे बघत. नंतर मला बोलायला सांगितलं. मी मधूच्या सुंदर अक्षराबद्दल बोललो आणि खाली बसलो. त्या दिवसापासून मला चैन नाही. कारण ही गोष्ट साफ उलटी आहे, आणि ती उलटी करणारा मीच आहे. मधू दंड टाळायला भांडला नव्हता. दंड व्हावा म्हणून भांडला होता. ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकून हसून घेतलं आहे, त्यांनी आता खरी ऐकावी. हसायला तीही पुष्कळ आहे.

आम्ही शनिवार पेठेत शेजारी वाढलो. कॉलेजात असताना दोघांत मिळून एकच सायकल होती, आणि ती मधूची. त्या काळी सायकलवाल्यांना पोलीस सोडत नसत. रात्री दिवा नाही, दंड. डबलसीट, दंड. नो-एन्ट्रीत शिरलात, दंड, शिवाय चाकातली हवा जायची ती वेगळीच. एकदा पुलावर हवालदारानं आम्हाला डबलसीट पकडलं. मी मागे बसून मोठ्यानं गात होतो, त्यामुळे लपणंही शक्य नव्हतं. हवालदारानं पावती फाडली, दोन्ही चाकांची हवा सोडली आणि वर म्हणाला, "आता चालत गा." मी चडफडत होतो. मधू मात्र सायकल ढकलत छाती काढून चालला होता. "तुला एवढा आनंद कसला झालाय?" मी विचारलं. तो म्हणाला, "अरे शऱ्या, आज सरकारनं आपल्याला वाहन चालवताना पकडलंय. कालपर्यंत आपण नुसती पोरं होतो."

पुढे तो पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला, मी विम्याच्या कचेरीत चिकटलो. मला स्कूटर मिळाली, मग सगळ्यांनाच काही ना काही मिळायला लागलं. बँका कर्ज द्यायला दारात येऊ लागल्या, दर दिवाळीला वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या दारात नवीन गाड्यांना हार दिसू लागले. मधूच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्ड गेले आणि कॉम्प्युटर आले. तो पन्नाशीत माऊस धरायला शिकला, आणि आठवड्याभरात तरुण पोरांच्या चुका काढू लागला. पण सायकल तीच. "गाडी घेणं परवडत नाही का रे?" असं कोणी खवचटपणे विचारलं, की तो म्हणायचा, "गाडी परवडते. सुटणारं पोट परवडत नाही." हळूहळू रस्त्यावर सायकली इतक्या कमी झाल्या, की समोरून दुसरा सायकलवाला आला तर मधू घंटी वाजवून त्याला नमस्कार करायचा. समोरचा माणूस बिचारा घाबरून बाजूला व्हायचा. सिग्नलला तो पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबायचा. आम्ही स्कूटरवाले रेघ ओलांडून, झेब्रा क्रॉसिंग व्यापून उभे. तो मागून ओरडायचा, "ती रेघ कोणीतरी मोजून मारलीय रे!" ड्राफ्ट्समनला रेघेचा अपमान सहन होत नाही.

आणि एका रविवारी याच माणसानं सिग्नल तोडला. दोष माझा होता. आम्ही मार्केट यार्डातून आंब्याची पेटी घेऊन परतत होतो. पेटी मधूच्या कॅरिअरला बांधलेली, मी त्याच्या शेजारी सावकाश स्कूटर चालवत असलेलो, आणि पेटीतले आंबे तयार व्हायला किती दिवस लागतील यावर आमचा वाद रंगलेला. चौक आला. मी थांबलो. मधू मान मागे वळवून मला कोय आणि देठ यांच्याविषयी काहीतरी ऐकवत होता, आणि ऐकवत ऐकवतच तांबड्या दिव्यातून पुढे गेला. त्याच्या बरोबर एक मोटारसायकलवालाही घुसला. शिट्टी वाजली. पोलीस तरुण होता, बोलण्यावरून वऱ्हाडकडचा. त्यानं मोटारसायकलवाल्याला बाजूला घेतलं आणि मधूला हातानं खुणावलं, जा, जा.

मधू गेला नाही. सायकल स्टँडवर लावली आणि पावतीसाठी मोटारसायकलवाल्याच्या मागे रांगेत उभा राहिला.

"काका, तुम्ही जा ना," पोलीस म्हणाला.

"का? मीही सिग्नल तोडलाय."

"सायकल आहे तुमची. सायकलला कोण दंड करते?"

"पूर्वी करायचे. आता सायकल वाहन राहिली नाही का? मग काय, गाढव आहे ही?"

"काहून डोकं खाता काका? ऊन काय कमी आहे?" पोलीस कळवळून म्हणाला. मोटारसायकलवाला म्हणाला, "साहेब, यांना एवढी हौस आहे तर माझीच पावती यांच्या नावावर फाडा." लोक जमले. मधू शांतपणे त्या पोलिसाला समजावत होता, की आज तुम्ही मला दंडातून सोडताय, म्हणजे उद्या मला रस्त्यातून वगळाल. ज्याची चूक मोजायची नाही, त्याच्यासाठी जागा तरी कोण मोजून ठेवणार? हे तो इतकं आर्जवून सांगत होता, की कोणाला वाटावं, हरवलेलं मूल शोधायला आलाय. पोलीस शेवटचा उपाय म्हणून बोलला, "अहो, पावतीवर गाडीचा नंबर लिहावा लागते. तुमच्या सायकलला नंबर कुठंय?" झालं. मधूनं आंब्याची पेटी सोडून माझ्या स्कूटरवर आणून ठेवली, सायकल उलटी केली, सांगाड्यावरचं ग्रीस रुमालानं पुसलं आणि तिथे ठोकलेला नंबर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गर्दीतून एक जण त्याच्याबरोबर एकेक आकडा म्हणायला लागला, मग सगळेच. शाळेत पाढे म्हणतात तसे.

या सगळ्यात मी कुठे होतो? मी स्कूटरजवळ उभा होतो. एका बाईंनी मला विचारलं, "ते तुमच्याबरोबर आहेत का हो?" आणि मी म्हणालो, "नाही, मी आंब्यांबरोबर आहे."

तेवढ्यात त्या पोलिसाचे वरिष्ठ आले. निवृत्तीला टेकलेले, जाड मिशांचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उलट्या सायकलकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू जुनी वर्गमैत्रीण भेटली. "सायकलवाला पकडला होय! अरे, आम्ही नोकरीला लागलो तेव्हा दिवसभर हेच करायचो," असं म्हणत त्यांनी स्वतः पावती लिहिली, आणि मधूला ती देताना विचारलं, "आता चाकातली हवाही सोडायची का, जुन्या पद्धतीनं?" मधू म्हणाला, "नको, आंबे आहेत." दोघंही पोट धरून हसले. घरी येईपर्यंत मधू शीळ घालत होता. इतकं खूश मी त्याला गौरी झाली तेव्हाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ही गोष्ट मी सांगितली. खरी सांगायला सुरुवातही केली होती. पण खरी सांगायची, तर "मग तू काय करत होतास?" हे कोणीतरी विचारणारच, आणि मी मित्राला न ओळखणारा, आंब्यांना ओळखणारा माणूस ठरणार. म्हणून बोलता बोलता मी ती फिरवली. मधू दंड नको म्हणून भांडला, असं केलं. एकदम हशा उठला. चिक्कू पुणेकर सगळ्यांनाच आवडतो. मधूही त्या दिवशी जरा उशिरा आला, त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा मागवला. बस, तेवढंच.

गोष्ट पाय फुटून हिंजवडीपर्यंत गेली. गौरी तेव्हा नुकतीच तिथल्या एका कंपनीत लागली होती. कट्ट्यावरच्याच एकाचा मुलगा तिच्याबरोबर काम करायचा. त्यानं कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ती रंगवून सांगितली. रोज सकाळी मधू तिला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला जायचा. डबलसीट नाही, कॉलेजातल्या त्या दंडानंतर कधीच नाही. तिची बॅग हँडलला अडकवून दोघं गप्पा मारत चालत जायचे, सायकल मधोमध. त्या कँटीननंतर ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी रिक्षानं जाईन." त्यानं कारण विचारलं नाही. पुढे बराच काळ तो ठरलेल्या वेळी एकटाच सायकल घेऊन त्या स्टॉपवरून चक्कर मारून यायचा. हे मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.

मधू मात्र कुढत बसणारा नव्हता. पुढे त्याच हिंजवडीतली पोरं महागड्या सायकली घेऊन रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघायला लागली, आणि त्यांना कुठून तरी मधूचा शोध लागला. हेल्मेटं, चष्मे, घट्ट रंगीत कपडे, आणि सगळ्यांत पुढे लेंग्याला क्लिप लावलेला मधू. रिकाम्या रस्त्यावर तांबडा दिवा लागला की तो हात वर करायचा आणि मागची सगळी फौज ब्रेक दाबायची. "काका, कमॉन, रस्ता एम्प्टी आहे!" एक जण ओरडला. मधू वळूनही न बघता म्हणाला, "रस्ता रिकामा आहे. सिग्नल भरलेला आहे." ती पोरं त्याच्यावर जीव टाकायची. त्या हॉलमध्ये सर्वांत जास्त तीच रडली.

परवा मी गौरीकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. आंब्यांसकट. ती आधी हसली. सायकलच्या नंबरावर गर्दी पाढे म्हणायला लागली, तिथे तर खुर्चीतून उठून हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे बाबा पैशासाठी भांडले नव्हते."

"नाही."

"आणि मी त्यांना बसस्टॉपवर येऊ दिलं नाही..." तिनं डोळे पुसले. "पण ते मला कधी का नाही बोलले?"

"मी एकदा त्याला म्हणालो होतो, गौरीला खरं सांगतो. तर तो म्हणाला, शऱ्या, तू आमच्याकडे चहाला येतोस. खरं कळलं तर ती तुला चहा देणार नाही."

 ती उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. चहात साखर नव्हती. मी मागितली नाही.

निघताना ती म्हणाली, "चला, सोडते तुम्हाला." मी तिच्या गाडीत पुढे, तिच्या डाव्या बाजूला बसलो. मुख्य रस्त्याला उजवीकडे वळायचं होतं. तिनं इंडिकेटर लावला, काच खाली केली आणि उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर काढला, शाळेत शिकवतात तसा. एसीचा गारवा भसकन बाहेर गेला.

"इंडिकेटर लावलायस ना?" मी विचारलं.

"लावलाय. बाबा म्हणायचे, दिवा गाडीचा असतो, हात माणसाचा असतो. ऑफिसात सगळे हसतात. हसू देत."

पुढच्या चौकात डावीकडे वळण होतं. तिनं वेग कमी केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, डावा हात तुमचा."

"म्हणजे?"

"त्या सीटवर बसेल त्यानं डावीकडचा हात द्यायचा. आमच्या गाडीत पहिल्यापासून असंच आहे. बाबा द्यायचे."

मी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. खांदा दुखत होता, तरी सरळ ठेवला. मागून एक स्कूटरवाला करवादला, "आजोबा, हात आत घ्या, तुटेल!" गौरी खुदकन हसली. वळण पुरं होईपर्यंत मी हात आत घेतला नाही.