सेकंड शिफ्टचे चौकोन

माझ्या मुलीने एका मोठ्या कागदावर माणसाचं अख्खं आयुष्य छापून आणलं. एक चौकोन म्हणजे एक आठवडा. जगून झालेले काळे करायचे आणि उरलेले बघत बसायचं. मला असल्या खेळांचा राग येतो. बाबांनी मात्र चष्मा लावला, माझ्या लहानपणीच्या चौकोनांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातले सेकंड शिफ्टचे कुठले?"

बाबा सातपूरला कारखान्यात होते. तीन शिफ्ट होत्या, दर आठवड्याला बदलायच्या. सेकंड शिफ्टला आम्ही शाळेतून यायच्या आत ते निघून गेलेले असायचे आणि परतायचे ते आम्ही झोपल्यावर. त्यांची सुट्टी शनिवारी, आमची रविवारी.

"दर तिसरा धरा," मी म्हणाले.

ते नखाने एकेक चौकोन मोजत गेले. "हे माझ्याकडे नाहीत," ते म्हणाले. "तुझ्या आईकडे होते. आज हिचा दात पडला, आज ही जेवली नाही, असं ती सांगायची."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

माझ्याकडे तरी त्या आठवड्यांतलं काय आहे? सकाळी शाळेला निघताना आई ओठांवर बोट ठेवायची, आणि आतल्या खोलीत चादरीबाहेर आलेली बाबांची पावलं दिसायची. बहुतेक दिवशी तेवढेच बाबा.

हल्ली ते दुपारी झोपतात. पावलं तशीच चादरीबाहेर असतात. मी दारात उभी राहते. त्यांना उठवू नको म्हणणारं आता घरात कोणी नाही, तरी मी उठवत नाही.