मानेपायी गेलेली दाढ

एक चांगली चालती दाढ मी हट्टानं उपटून घेतली.

उजवा जबडा दुखायचा. घास चावताना कानापाशी कट्ट वाजायचं, तोंड दोन बोटांपलीकडं उघडायचं नाही. माझ्यासारख्या खाणाऱ्यावर दुधात भाकरी कुस्करायची वेळ आली. बारामतीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "दाढेला किडीचा ठिपका आहे, तो भरू. पण दुखणं तिचं नाही. मानेचे स्नायू आखडलेत, त्यांचा ताण जबड्याच्या सांध्यावर येतोय. वर फिजिओथेरपिस्ट मॅडम बसतात, त्यांना दाखवा."

वर म्हणजे त्यांच्याच माडीवर! दुखतंय तोंड, दाखवायची मान. जिन्यातच मी बायकोला म्हणालो, "कमिशन असणार."

"तुमी नरसिंहपूरचा परसादबी वास घेऊन खाता," ती म्हणाली.

वर न जाताच मी इंदापूरचा डॉक्टर गाठला. तोही दाढ काढायला राजी होईना. हे दोघं एका वर्गात शिकलेले असणार, अशी माझी खात्री झाली. फारच हटून बसलो तेव्हा सही घेऊन त्यानं ती काढली. दुखणं मात्र जागच्या जागी. मग नवा संशय: डॉक्टरनं चुकीची काढली, शेजारची काढायला हवी. मी गाडी काढली, तर बायको मागं येऊन बसली.

"आधी त्या मॅडमकडं चला. मग बत्तीशी उपटा."

माडीवर मी आधीच बजावलं, "माझी मान दुखत नाही, मॅडम."

मॅडमनी मानेच्या कडेला अंगठा दाबला आणि कळ थेट जबड्यात उठली. हिनं बोटात काही लपवलंय का, म्हणून मी तिचा हातही निरखून पाहिला. तेवढ्यात डाळिंबाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आमच्या बागेत तोडा चालू असला की दोन्ही हात फळं निवडण्यात गुंतलेले, त्यामुळं फोन कायम कान आणि खांद्याच्या चिमटीत. तिथंही सवयीनं तसाच धरला आणि वाकड्या मानेनं दरावरून हुज्जत घालू लागलो.

मॅडम बघतच राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दिवसभर असंच बोलता?"

"हात मोकळे नसतात ना."

"मग दाढ कशाला काढलीत?"

मी काही बोलायच्या आत बायकोच म्हणाली, "नशीब समजा मॅडम, ह्यांची मान दुखत न्हवती. न्हायतर तीबी काढून आले असते."