सुमनताईंचा एक फोटो

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्या मी आठवड्याला गोणीत भरून देऊन टाकते. किस्से मात्र कुणी नेत नाही. वसमतच्या बाजारातली दुपार तशी पेंगुळलेली असते. हळद शिजवायचे दिवस असले की वाऱ्यावर तो उग्र गोड वास येतो, मशीनचं चाक हळूहळू थांबतं आणि मला एकेक आठवत राहतं.

आमचं मंडळ छोटंसंच. मी मंदा, ब्लाऊज शिवते. शेजारच्या टेबलावर शबाना, फॉल-पिको करते. आणि दुपारी अंगणवाडी सुटली की गप्पा मारायला येणाऱ्या सुमनताई.

*

टेप कमरेला लावला की बाई श्वास आत ओढते. सगळ्या ओढतात, काडीसारख्या पोरीसुद्धा! मी म्हणते, "श्वास सोडा." त्या म्हणतात, "सोडलाच आहे की."

सुमनताई तेव्हा चांगल्या भरदार होत्या. त्यांना सोडा म्हटलं तर म्हणाल्या, "मी न्हाई सोडत. तूच आत माया जास्त ठेव!"

माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढं अंगानं भरलं तर उसवून सैल करता येतं.

*

आमच्याकडं माप द्यायला कुणी टेपखाली उभं राहत नाही फारसं. नीट बसणारा जुना ब्लाऊज आणून टाकतात, 'मापाचा' म्हणून. एकदा एका नवरीनं आणलेला ब्लाऊज बघून मी चक्रावले. तो तिचा नव्हताच, तिच्या धाकट्या बहिणीचा होता!

"ह्याच मापाचा शिवा," ती म्हणाली. "लग्नापर्यंत मी तेवढी होतेच बघा."

मी ब्लाऊज ठेवून घेतला. बहिणीच्या मापानं शिवला, पण आत चारही बाजूंनी भरपूर कापड ठेवलं. लग्नाच्या दोन दिवस आधी तिची आई ट्रायलसाठी न्यायला आली, त्याच्या आधी गुपचूप सगळं उसवून सैल केलं. पोरगी लग्नात इतकी खुश होती! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मी बारीक झाले!"

शबाना माझ्या कानाशी लागली, "बाजी, तुमने झूठ बोला."

"मी कुठं बोलले? मशीन बोलली!"

*

मग सुमनताई बरेच महिने आल्याच नाहीत. छातीत गाठ निघाली होती. नांदेडला ऑपरेशन झालं आणि एक बाजू काढावी लागली. पुण्याला नोकरीला असलेली त्यांची लेक, प्रज्ञा, सगळी रजा संपवून त्यांच्याजवळ राहिली आणि परत गेली. मग तिचं येणं झालंच नाही.

एका दुपारी ताई दुकानाच्या पायरीवर उभ्या. "जयभीम मंदा," म्हणत आत आल्या आणि मापाचा जुना ब्लाऊज टेबलावर टाकला.

"एका अंगाचं कापड वाचलं की न्हाई? त्याची बाहीला झालर लाव!"

शबाना चहा सांगायला म्हणून बाहेर पळाली. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

त्या दिवशी मी माप घेतलं नाही. घरी जाऊन मलमलीची गोल उशी शिवली, सरकी काढलेला कापूस भरला आणि ब्लाऊजच्या आत खिसा केला. पहिली उशी हलकी झाली, सारखी वर सरकायची. मग शबानानं डोकं लढवलं आणि आत दोन मुठी मोहरी घातली. बरोबर बसली.

ताईंनी आरशात पाहिलं, वळून पाहिलं, परत पाहिलं. "लई भारी! घरात फोडणीला कमी पडली तर उसवायची सोय झाली."

*

पण ताई फोटोत येईनात. आमचा फोटो त्याच काढायच्या, म्हणजे आपोआप सुटका! व्हिडिओ कॉलवर प्रज्ञाला आईचं कपाळ दिसायचं आणि वरचा पंखा.

"आई, तुझा एक फोटो पाठव ना," पोरगी म्हणायची. ताई भुऱ्याचा पाठवायच्या.

भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा, चांगला वासराएवढा. ताई नांदेडला होत्या तेव्हा तो त्यांच्या टॉवेलवर डोकं ठेवून दिवसच्या दिवस पडून होता. अजूनही त्यांच्या अंगावरचं काही सापडलं की त्याची उशी झाली म्हणून समजा! तर दोन वर्षं प्रज्ञाला भुऱ्या झोपलेला, भुऱ्या जेवताना, भुऱ्या ताईंचा चष्मा लावून, असे फोटो जात राहिले.

मी एकदा विचारलंच, "ताई, काहून तरसवता लेकराला?"

त्या चिंध्या चाळू लागल्या. "तिनं दवाखान्यातली आई बघितली गं. आता डोळ्यांत पयलीच आई ऱ्हाऊ दे."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. पण मनात आलं, ती पोरगी आई मागते आहे, पहिली की दुसरी कुठं म्हणतेय?

*

यंदा ठरवलं, सिद्धेश्वरला धरणावर जायचं. ताई म्हणाल्या, "भुऱ्या येईल तर मी येईन." एसटीच्या दारातच कंडक्टरनं अडवलं.

"मांडीवर घेते की!" ताई म्हणाल्या.

"मावशी, तो तुमच्याहून मोठाय!"

ताई खाली उतरल्या त्या हसतच. "ऐकलं का? मी बारीक झाले!"

शेवटी शबानाच्या भावाच्या जीपमधून गेलो. भुऱ्या खिडकीत बसला आणि आम्ही तिघी मागं, दाटीवाटीनं.

*

धरणाच्या कडेला कोळ्यांची जाळी वाळत होती. भाकरी-ठेचा खाल्ला. पाणी इतकं शांत होतं की आमचं बोलणंही हळू झालं. मग ताई एकदम म्हणाल्या, "ल्हानपणी मी पूर्णेत पोहायचे." आणि उठल्याच!

पाण्याशी जाऊन थबकल्या. पदराआड हात घालून उशी काढली, कोरड्या दगडावर ठेवली.

"मोहरी भिजली तर उगवंल गं!"

आम्ही तिघी कमरेएवढ्या पाण्यात गेलो. ताईंनी एक बुडी मारली, मग डोळे मिटले, हात पसरले. ऊन पाण्यावर हलत होतं. अशा किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.

तेवढ्यात शबाना ताईंना हाक मारत ओरडली, "खाला! भुऱ्या!"

भुऱ्यानं उशी तोंडात धरली होती आणि तो निवांत चालला होता. मी ओल्या साडीनिशी धावायला निघाले, तर मागून ताईंच्या हसण्याचा आवाज. असं पोट धरून हसणं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं!

"ऱ्हाऊ दे गं मंदा! आता लपवायला हाय काय? तू माझा फोटो काढ."

"आत्ता?"

"आत्ता. अशीच."

काठावर जाऊन हात पुसले, ताईंचा फोन घेतला. ओली साडी अंगाला चिकटलेली, एक बाजू सपाट. ताईंनी पदर ओढला नाही. सरळ माझ्याकडं बघत होत्या. मी बटण दाबलं.

"पाठव प्रज्ञाला. खाली काई लिहू नको."

पाच मिनिटांनी प्रज्ञाचा फोन आला. ताईंचे हात ओले, म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडून नुसते हुंदके.

"काहून रडून राहिली? चांगला न्हाई आला का?"

"चांगलाय आई. लई चांगलाय." मग जरा थांबून, नाक ओढत, "पण भुऱ्या कुठंय?"

आम्ही वळून पाहिलं. बाभळीच्या सावलीत पाय पसरून तो पडला होता, गाल मलमलीवर टेकवून.

"झोपलाय," ताई म्हणाल्या, "उशी घेऊन."