उंदीरमामांचं लाल कुलूप

वीजघरात त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत, आणि तेही खुशाल ओ देत. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मामा अंगाने काटकुळे, आणि जिथे दुसऱ्याचं डोकं अडकेल तिथून हे अख्खे पार. धरणाखालच्या त्या लहानशा वीजघरात पाण्याच्या जोरावर फिरणारं मोठं चक्र होतं. त्याच्या पोटात शिरायला पोलादी नळाला एक भोक ठेवलेलं होतं. बाकीचे फिटर त्या भोकाशी येऊन पोट आत ओढत, श्वास धरत, एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवत. तोवर मामा आत पोचून, "या, या, लाजू नका, घर आपलंच आहे," म्हणून हाका मारत असायचे.

सकाळी कामावर आले की ते पहिल्यांदा त्या नळावर तळहात टेकवायचे. आत पाणी धावत असलं की नळ थरथरतो. "बरं आहे ना?" असं त्याला विचारायचे आणि मगच डबा खुंटीला लावायचे. लोक हसायचे. हसू देत बापडे. ज्याने अर्धं आयुष्य काळं नाक शिंकरलंय, त्यालाच थंड पाण्याची किंमत कळते.

कारण आधी मामा कोळशाच्या वीजकेंद्रात होते. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघेही. घरात थोरली ताई, मधले हे, आणि धाकटा तो. लग्नाच्या भानगडीत तिघांपैकी कोणीच पडलं नाही. संध्याकाळी दोघे परत आले की ताई दारातच ओरडायची, "आधी अंग धुवा! कपडे तेवढे माझ्याकडे द्या आणि कोळसा साहेबाला परत करा!" जीभ तिखट, पण पाणी आधीच तापवून ठेवलेलं असायचं.

त्या केंद्रात कोळसा वाहून नेणारा एक लांबच लांब पट्टा होता. साफ करायला तो थांबवायचे. पुन्हा सुरू करताना बटणाशी असलेला माणूस ओरडायचा, "कोणी आहे का रे?" उत्तर आलं नाही की बटण दाबायचा. एवढाच काय तो कायदा. एकदा धाकटा पट्ट्याखाली होता, वर घाई होती, आणि पट्टा सुरू झाला. त्या दिवशी कोणी ओरडलं होतं का, हेसुद्धा छातीवर हात ठेवून कोणी सांगेना. पुढचं मामा कधी बोलले नाहीत, मी कशाला बोलू? ताईने मात्र त्या दिवसापासून धाकट्याचा विषयच बंद केला. त्याचं ताट फळीवर पालथं घातलं, ते तसंच राहिलं.

पुढे ते केंद्र बंद पडलं. कोळशाचे दिवस भरत आले होते. माळावर उन्हातून वीज काढणाऱ्या काचेच्या पाट्या उभ्या राहिल्या, डोंगरावर पवनचक्क्या आल्या, आणि जुन्या माणसांना नवं काम शिकवायची टूम निघाली. मामा पाण्याकडे आले. या नव्या संसाराचं वर्णन ते फार झकास करायचे. "सूर्य म्हणजे कारकून, वेळेवर येणार, वेळेवर जाणार. वारा म्हणजे जावई, आला तर आला, नाहीतर रुसला. आणि पाणी म्हणजे घरातली थोरली बाई. सगळे पांगले की हिनेच पदर खोचायचा!" आणि खरंच होतं ते. संध्याकाळी ऊन सरलं आणि वारा पडला की मुख्य कचेरीतून फोन यायचा, पाणी सोडा. ते जमलं नाही, तर दूरवर राखून ठेवलेली कोळशाची शेवटची भट्टी पेटवावी लागायची. हे मामांना अगदी जिवावर यायचं.

पण पाण्यापेक्षाही त्यांचा जीव जडला तो एका कुलपावर. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी शिक्षकांनी प्रत्येकाच्या हातात एकेक लाल कुलूप ठेवलं. त्यावर ज्याचा त्याचा फोटो चिकटवलेला. "यंत्रात शिरायच्या आधी हे मुख्य खटक्याला लावायचं. सगळ्यांची कुलपं निघाल्याशिवाय खटका हलत नाही. किल्ली एकच, ती तुमच्या गळ्यात. तुम्ही बाहेर आहात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुमचं कुलूप कोणी कापणार नाही. पवनचक्की असो, अणुभट्टी असो, कुठल्याही देशात जा, हीच पद्धत."

मामांनी हात वर केला. "आणि साहेब घाईत असले तर?"

सगळा वर्ग खो खो हसला. शिक्षक हसले नाहीत. "तरीही नाही," म्हणाले.

मामा त्या दिवशी कुलूप घेऊन घरी गेले ते तरंगतच. ताईने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "पेटीला लाव तुझ्या," ती म्हणाली. "लोखंडाचं काय घेऊन बसलास, मधल्या? कापायला कितीसा वेळ लागतो? माणसाची घाई लोखंडाहून टणक असते." मामांनी कुलूप परत पिशवीत ठेवलं. ती म्हणते ते खोटं ठरावं, एवढंच त्यांना वाटत राहिलं.

तर झालं असं. एका दुपारी चक्राच्या पात्यांत लाकडाचा ओंडका अडकला. यंत्र थांबवलं, पाणी तोडलं, फिटर आत उतरले. मामांनी करवतीने ओंडका कापून बाहेर दिला. सगळे बाहेर आले, आपापली कुलपं काढून चहाला पांगले. मामा शेवटी निघाले. हात धुतले आणि वाळवायला म्हणून मागच्या फाटकाशी उन्हात उभे राहिले. कुलूप आता काढणारच होते, तेवढ्यात शेजारचा शिंपी स्कूटरवरून धापा टाकत आला. "मामा, चला! ताई न्हाणीघरात पडल्या! हात हलवता येत नाहीये!"

मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. होते तसे, ओल्या कपड्यांनिशी, मागे बसले. फोन कपाटात, डबा खुंटीवर, कुलूप खटक्यावर. फाटकावरचा पहारेकरी नेमका पुढच्या फाटकाला ट्रक आत घेत होता. मामा गेले ते कोणी म्हणजे कोणी पाहिलं नाही.

इस्पितळात गर्दी होती. ताईचं मनगट मोडलं होतं, पण तोंड शाबूत होतं. "साबण मी ठेवला नव्हता तिथे, तू ठेवलास," इथपासून सुरुवात. फोटो काढला, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. दुखत असतानाही तिने डॉक्टरला विचारलं, "हे पांढरंच मिळतं का? मळखाऊ रंगात नाही?" डॉक्टर हसला, मामांचा जीव भांड्यात पडला. ऊन उतरलं, खोलीतले दिवे लागले. ताईला पाणी पाजायला मामा वाकले, तेव्हा तिच्या नाकासमोर काहीतरी लोंबायला लागलं.

"हे काय रे गळ्यात?"

मामांनी खाली पाहिलं. लाल दोरीला किल्ली होती.

हातातला पेला तसाच राहिला. "ताई," ते म्हणाले, "मी अजून यंत्राच्या पोटात आहे गं."

ताईला वाटलं, काळजीने याचं डोकं फिरलं. पण शिंप्याला सारा प्रकार कळला आणि त्याने स्कूटर काढली. फोन करावा, तर नंबर सगळे मामांच्या फोनमध्ये, आणि फोन कपाटात. रस्ताभर मामांच्या मनात दोनच विचार एकमेकांच्या उरावर बसत होते. कुलूप कापून यंत्र सुरू केलं असेल, तर बरंच झालं. वारा पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, लोकांना वीज हवी होती, आणि आपली चूकही झाकली जाईल. पण कापलं असेल, तर मग ताईचंच खरं. मग कुलूप म्हणजे नुसता देखावा, आपला फोटो म्हणजे शोभेचा कागद. मग पुन्हा त्या भोकातून कुठल्या भरवशावर आत शिरायचं?

नदीवरच्या पुलापाशी आल्यावर ते ओरडले, "थांब! स्कूटर बंद कर!"

यंत्र चालू असलं की त्या पुलापाशी सुटणाऱ्या पाण्याची घरघर ऐकू यायची. मामांनी कान दिला. बेडूक ओरडत होते. दुसरं काही नाही. नदी गप्प होती.

मामा मागच्या सीटवर बसल्या बसल्या ढसाढसा रडले. शिंपी बिचारा घाबरून पाठीवर हात फिरवत राहिला.

वीजघरात सगळे दिवे लागलेले होते, पाणी उपसायचे पंप धडधडत होते. झालं होतं ते असं की बाकीच्या फिटरांना खटक्यावर मामांचं एकटं कुलूप दिसलं. हाका मारल्या, उत्तर नाही. फोन लावला तर तो कपाटात वाजला. घरी माणूस पाठवला तर दाराला कुलूप, आणि शेजारच्या शिंप्याचंही दुकान बंद. मग सगळ्यांची पाचावर धारण बसली. चक्राखाली पाणी बाहेर सोडणारं भुयार होतं, त्यात छातीभर पाणी साचलेलं. मामा घसरून त्यात गेले, अशी सगळ्यांची खात्रीच पटली.

वीजघराच्या प्रमुख एक बाई होत्या, पंचविशी-तिशीतल्या, नुकत्याच बदलून आलेल्या. मुख्य कचेरीतून फोनवर फोन येत होते. वारा पडलाय, पाणी सोडा. बाई म्हणाल्या, माणूस आत आहे. वरून कोणीतरी म्हणालं, "असेल कुठेतरी भटकत. कापा ते कुलूप, माझ्या जबाबदारीवर." बाईंनी म्हणे शांतपणे सांगितलं, "तुम्ही या आणि आधी आत जाऊन बसा. मग कापते." आणि फोन ठेवून दिला. मग लोखंड कापायची मोठी कात्री त्यांनी आपल्या कपाटात बंद केली आणि स्वतः दोर बांधून भुयारात उतरल्या. जाडजूड फिटरसुद्धा त्या भोकातून गेले, खांदे सोलवटून घेतले. सगळे पाण्यात काठ्यांनी, हातांनी चाचपत होते आणि "मामा! ओ मामा!" म्हणून हाका मारत होते.

मामा आत आले तेव्हा बाई नुकत्याच त्या भोकातून बाहेर येत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. त्यांनी मामांना पाहिलं. "कुठे होतात तुम्ही?" असं त्यांना विचारायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. मग त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मामांनी किल्ली पुढे धरली. "चुकलो, बाई. बहीण पडली, भान राहिलं नाही. काय शिक्षा द्याल ती द्या."

"ती मिळेलच," बाई कशाबशा घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "बहीण कशी आहे?"

"हात मोडलाय. बाकी ठणठणीत."

"मग आधी कुलूप काढा, मामा. लोक खोळंबलेत."

मामांनी कुलूप काढलं. दाढीत चिखल घेऊन उभा असलेला सर्वांत जाडा फिटर म्हणाला, "मामा, तुमच्यापायी मी त्या भोकातून दोनदा गेलो. आता मलाही उंदीर म्हणा!" सगळे हसले, आणि हसता हसता दोघातिघांनी डोळे पुसले. थोड्या वेळाने नळ थरथरायला लागला. मामांनी त्यावर हात टेकवला, पण त्या दिवशी त्याला काही विचारायचं त्यांना सुचलं नाही.

दूरवरची कोळशाची भट्टी त्या संध्याकाळी पेटवावी लागली होती. मामांना काही दिवस घरी बसवलं, आणि ते त्यांनी मुकाट्याने सोसलं. रागवायचं कोणावर? उलट बसल्या बसल्या त्यांचा ऊर भरून यायचा. आपण आत नव्हतोच, आणि तरीही इतकी माणसं आपल्यासाठी आत शिरली.

ताईला त्यांनी सगळं सांगितलं. ती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ऐकत होती. मध्ये एकदाही टोमणा नाही. शेवटी म्हणाली, "हाका मारत होती ती बाई?"

"हो. घसा बसला तिचा."

ताई फळीवरच्या पालथ्या ताटाकडे बघत राहिली. "आपल्या धाकट्याला कोणी एक हाकसुद्धा मारली नव्हती रे," ती म्हणाली.

मामा पुन्हा कामावर निघाले त्या सकाळी ताईही चपला घालून तयार. नको म्हणायची मामांची काय बिशाद! वीजघरात तिने आधी फळीवरची लाल कुलपं पाहिली, मामांच्या फोटोवर बोट टेकवलं, आणि मग बाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"तुमचं काम खोळंबलं, वर बोलणी बसली असतील, तेही आमच्या या वेंधळ्यामुळे. सगळं कळतं मला," ती म्हणाली. "पण आमच्या घरातला एक असाच आत होता, आणि त्याच्यासाठी कोणी थांबलं नाही. हा आत नव्हता, तरी तुम्ही थांबलात. हे मला जिवंतपणी ऐकायला मिळालं, बाई. तेवढंच सांगायला आले."

बाईंचा घसा अजून पुरता सुटला नव्हता. त्यांनी उठून आपली खुर्ची ताईपुढे ओढली.