एका लुगड्याचा ताणा

आमच्या घरात कामं वाटलेली होती. विणायचं आप्पांनी, सुताच्या कांड्या भरायच्या मी आणि भ्यायचं आईनं. ती ते काम मन लावून करायची. रात्री कुत्रं रडलं की भ्यायची आणि रडलं नाही तर आज गप्प का म्हणून भ्यायची. मी तिच्याच पोटची, त्यामुळं थोडी भीती मीही वाटून घेतली होती.

घर शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. थोडं पुढं चालून गेलं की बेळगाव, तिथं इंग्रजांचं राज्य. एवढ्याशा अंतरात राज्य बदलतं म्हणून आई बेळगावच्या बाजारात जातानासुद्धा पदर घट्ट धरायची. अशा बाईसमोर एका दिवाळीनंतर आप्पा जेवताना म्हणाले, "संक्रांत झाली की आपण गोव्याला जायाचं. समुद्र बघाय."

आईच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

हे वेड मडगावच्या एका व्यापाऱ्यानं लावलेलं. तो वर्षातून एकदा येऊन आप्पांची लुगडी घेऊन जायचा आणि जाताना समुद्राच्या गोष्टी ठेवून जायचा. आप्पा म्हणायचे, "माझी लुगडी समुद्रावर हिंडत्यात आणि मी हितं खड्ड्यात." खड्डा खराच होता. आमचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर होता. आप्पा कडेवर बसून पाय आत सोडायचे, पायांनी पावड्या दाबायचे आणि हातानं कांडी बसवलेला धोटा फेकायचे. खड्ड्यात बारमाही ओल असायची. त्या पावसाळ्यात आप्पांना खोकला लागला तो थांबेना, तेव्हा वैद्यबुवा म्हणाले होते, "ह्यांना जरा खड्ड्याबाहेर काढा. हवापालट होऊ दे." आप्पांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

मग रोज संध्याकाळी दिवेलागणीला प्रवासाची आखणी सुरू झाली. आप्पा माझ्या टोपलीतल्या भरलेल्या कांड्या घेऊन जमिनीवर ओळीनं मांडायचे. "ही बेळगाव टेशन. ही खानापूर. ही गुंजी. हितं मामाकडं उतरायचं, जंगल बघायचं. मग लोंढा, कॅसलरॉक, मग घाट. दूधसागर गाडीतनंच दिसतोय म्हणं. मग बोगदे. आणि ही..." शेवटची कांडी ते उंबऱ्यापाशी ठेवायचे, नेहमी हिरव्या सुताची. "ह्यो समुद्र."

"समुद्र हिरवा असतो?" मी विचारलं.

"सकाळच्या पारी असतोय. व्यापारी खोटं कशाला बोलंल?"

आई चुलीपाशी बसून ऐकायची आणि एकेका कांडीला तिची एकेक भीती तयार असायची.

"गुंजीला वाघ हाय."

"हाय म्हणूनच जायाचं. बिनवाघाचं जंगल आणि आपलं परसू, फरक काय?"

वाघ खरोखर होता. त्याच पावसात मामाच्या गोठ्यातलं वासरू त्यानं नेलं होतं आणि मामा आमच्याकडं आला तेव्हा ते त्यानं इतकं रंगवून सांगितलं होतं की मी दोन्ही पाय पोटाशी घेऊन ऐकलं. वाघ झाला की गवा होता, गवा झाला की अस्वल होतं. अस्वल माणसाचं तोंडच ओरबाडतं, असं मामानं सांगून ठेवलेलं.

"आणि बोगद्यात गाडी थांबली तर?"

"थांबली तर निघंल."

"फिरंग्यानं धरून ठेवलं तर?"

"तुला धरून ठेवून त्यो करणार काय? दोन दिवसांत परत आणून सोडंल."

"आणि समुद्र पुढं आला तर?"

"मग आपण मागं सरायचं."

मी हसले. पण अंथरुणात पडल्यावर मला वाटलं, मागं जागाच नसली तर?

इथवरची भीती चविष्ट होती. खरी भीती पुढं आली, आणि ती ना वाघाची होती ना पाण्याची. ती आमच्याच मागावर आली.

विणकर ताणा, म्हणजे उभं सूत, घालतो तो एकदम चार-पाच लुगड्यांचा. कारण त्याचा खटाटोप फार. सूत गल्लीभर लांब ताणायचं, त्याला खळ पाजायची, कुंचा फिरवायचा, वाळवायचं. अर्धी गल्ली त्याला हात लावते. एवढं सगळं एका लुगड्यासाठी कोण करील? आमच्या घरात ते एकदाच झालं होतं. आजोबांनी एका लुगड्याचा ताणा घातला, ते लुगडं मागावरून उतरलं आणि आठवडा उलटायच्या आत आजोबा गेले. तेव्हापासून गल्लीत सगळ्यांच्या मनात एकच पक्कं बसलं होतं की विणकराला आतून कळतं, आणि कळलं की तो सूत जास्त घेत नाही. हे तोंडानं कुणी बोलत नसे.

आणि एका सकाळी आप्पांनी एका लुगड्याचा ताणा घातला. हिरवा, तांबड्या काठाचा.

पाजणीला आलेली माणसं एरवी एकमेकांची टिंगल करत काम करायची. त्या दिवशी कुंचा फिरल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. समोरच्या घरातले म्हातारे काका शेवटी म्हणाले, "एकच?"

"एकच," आप्पा म्हणाले आणि खोकले.

आई खळीचं भांडं घेऊन दारात उभी होती. समुद्र पुढं आला तर काय, असं विचारणारी बाई, पण ह्या वेळी भांडं तिथंच ठेवून ती आत निघून गेली. दुपारी मी चरख्यावर बसले असताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्यास्नी कळलंय."

"काय कळलंय?"

"कांड्या भर तू."

मग ते दिवस सुरू झाले. आप्पा कधी नव्हे इतके सावकाश विणत होते. काठाला हात लावून बघायचे, मान तिरपी करून बघायचे, मधेच खोकायचे आणि पुन्हा धोटा मारायचे. मी कांड्या भरत होते. एकेक कांडी संपली की लुगडं बोटभर वाढायचं आणि मला वाटायचं, आपणच आप्पांना एकेक बोट पुढं ढकलतो आहोत. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. इतकी भीती मला पुढं आयुष्यात कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही. संध्याकाळी ते कांड्या मांडायला बसले की मी फक्त उंबऱ्याजवळच्या हिरव्या कांडीकडं बघायची. वाटायचं, आप्पा तिथवर आमच्याबरोबर येतील आणि तिथून एकटेच पुढं जातील.

लुगडं उतरलं. आप्पांनी त्याची घडी घातली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गुंजीला गेले. मामाशी बैलगाडीचं, राहण्याचं ठरवून परवा येतो म्हणाले.

इथं मागाची एक गोष्ट सांगायला हवी. ताण्याचा प्रत्येक धागा एका फणीतून ओवलेला असतो. कापड कापून घेतलं तरी वीतभर सूत फणीत तसंच ठेवतात. नव्या ताण्याचं एकेक टोक त्या जुन्या टोकाला सांधलं की माग पुन्हा भरला. आणि भरलेला माग टाकून घर बंद करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. खळीच्या वासानं उंदीर येतात, ताणा ढिला पडतो, हे एक कारण. पण त्याहून मोठं म्हणजे ते वाढलेल्या पानावरून उठून जाण्यासारखं मानत. आप्पांनी एकाच लुगड्याचा ताणा घातला होता तो संक्रांतीच्या सुमाराला माग मोकळा व्हावा म्हणून, हे आईला कळत होतं. पण भीतीला कारण पटत नाही.

आप्पा गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले आणि आई उठली. समोरच्या काकांकडं गेली आणि त्यांचा पाजून तयार असलेला चार लुगड्यांचा ताणा मागून आणला. काकांनी का म्हणून विचारलं नाही. उलट गुंडाळी स्वतः खांद्यावर घेऊन आमच्या दारात आणून ठेवली.

"राख आण," आई मला म्हणाली.

सांधायचं काम आमच्याकडं बायकांचंच होतं. मी एकेक टोक पुढं करत होते आणि आई बोटाला राख लावून जुनं आणि नवं टोक एकत्र पिळत होती. दिवसभर आम्ही दोघी मागाला वाकून होतो. माझी मान भरून आली, तिची बोटं काळी पडली. प्रत्येक सांध्याला ती पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. जवळ कान नेला तेव्हा ऐकू आलं. "ऱ्हावा. ऱ्हावा. ऱ्हावा."

शेवटचं टोक सांधलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी अंगणात जाऊन उगाचच धावून आले. आता आप्पा जाऊ शकत नव्हते. गोव्यालाही नाही आणि दुसरीकडंही नाही.

आप्पा आले ते मामाकडच्या मधाची बाटली घेऊन. "वाघाचा माग बघून आलो! ओढ्याच्या चिखलात, ताटलीएवढा!" असं दारातूनच ओरडत आत आले आणि भरलेला माग बघून थांबले. मग ताण्यावरून हात फिरवला.

"सांधा चांगला झालाय," ते म्हणाले.

आई खाली बघत होती. आप्पांनी फळीवरून ते गुंडाळलेलं लुगडं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तुझं व्हतं. समुद्रावर नेसाय. आमच्या घरात चांगलं लुगडं बायकूच्या अंगावर कधी गेलंय? समदं बाजाराला. म्हणून म्हटलं, बायकू एकच हाय, तर ताणाबी एकाचाच."

"मला वाटलं..." आई म्हणाली आणि थांबली. वाटलेलं तोंडानं बोलायची तिची टाप नव्हती.

आप्पांना कळलं. ते खाली बसले. "अगं, बा म्हातारा झालता. घरात सूत उरलं न्हवतं म्हणून एकाचा घातलता त्यानं. मी व्हतो की बाजूला."

मग ते उठले आणि खड्ड्यात पाय सोडून धोटा हातात घेतला.

ती चार लुगडी आणि त्यांच्यामागून सांधलेली पुढची होईस्तोवर उन्हाळा सरला आणि पावसाळा आला. पुढच्या वर्षी आणखी काही निघालं. मग लढाई लागली, सूत मिळेनासं झालं, मिळालं की ते सोडून जाववेना, आणि गाड्या शिपायांनी भरून जाऊ लागल्या. दर दिवाळीनंतर आप्पा एकदा तरी जमिनीवर कांड्या मांडायचे आणि मग पुन्हा टोपलीत भरायचे. खोकला मधे मधे यायचा, जायचा. आप्पा काही गेले नाहीत. आई ते लुगडं नेसली नाही. लग्नकार्यात बायका विचारायच्या, तर म्हणायची, "समुद्रावर नेसीन." वर्षातून एकदा ते उन्हात टाकायची आणि कडुलिंबाचा पाला घालून परत पेटीत ठेवायची.

लढाई संपली त्याच्या पुढच्या थंडीत आईला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. कपाळावर कुंकू असताना गेली. सवाष्णीला नेताना हिरवं कोरं लुगडं नेसवतात. बायका इकडं तिकडं बघू लागल्या, तशी आप्पांनी पेटी उघडली. हिरवं, तांबड्या काठाचं ते बाहेर आलं आणि मला हुंदका आवरेना. त्या ताण्याला आई घाबरली होती ते बरोबरच होतं, फक्त तो तिच्यासाठी होता.

अस्थी वाडीला, नदीच्या संगमावर न्याव्यात असं भाऊबंद म्हणाले. आप्पा म्हणाले, "न्हाय. तिला गोव्याला न्यायचं ठरलंय."

मी माहेरीच होते, त्यांच्याबरोबर गेले. मडकं फडक्यात बांधून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. गुंजीच्या टेशनवर मामा येऊन उभा होता, गाडी हलेपर्यंत खिडकीची कड धरून. पुढं दाट रान लागलं. झाडीत काहीतरी काळं उभं दिसलं, गवा असेल, आणि मी आप्पांना चिकटून बसले. कॅसलरॉकला जकातीच्या माणसानं काठीनं गाठोड्याकडं बोट केलं. आप्पांनी फडकं सोडून दाखवलं, तसा तो मागं सरला आणि त्यानं हात जोडले. दूधसागर आला तेव्हा डब्यातली माणसं एका बाजूला धावली. आप्पांनी मडकं जरा उचलून धरलं.

बोगदे आले. प्रत्येक बोगद्यात शिरताना आप्पा मडक्यावर तळहात ठेवायचे आणि अंधारात मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. "भिऊ नगंस. आला उजेड."

रात्री आम्ही धर्मशाळेत राहिलो आणि सकाळी किनाऱ्यावर गेलो. व्यापारी खोटं बोलला नव्हता. पाणी हिरवं होतं. एवढं पाणी एका ठिकाणी असू शकतं हे मला खरं वाटेना आणि माझे पाय वाळूतच थांबले. आप्पा मडकं घेऊन आत गेले. गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत, त्यांच्या खड्ड्याएवढं. तिथं उभे राहून त्यांनी मडकं पाण्यात सोडलं आणि तसेच उभे राहिले. समोरून एक लाट उठून येत होती. आप्पा हलेनात.

"आप्पा!" मी किंचाळले. "मागं सरा! मागं सरा!"

तो आवाज माझा नव्हता, आईचाच होता. आप्पांनी चमकून वळून पाहिलं आणि ते मागं सरले.